आखाजीला निघालेली मोटार

तापीच्या पात्रातल्या गोट्यांवर आपटून मोटारीचं धुराचं नळकांडं तुटलं, आणि त्या दिवसापासून हिंमतराव कुठे निघाले नि कुठवर पोचले हे साऱ्या रनाळे गावाला घरबसल्या कळू लागलं.

"आधी नळी नीट करा," त्यांची बायको छबूबाई म्हणाली. "याहीना दारमा असा दनका करत जाशात का?"

"नंदुरबारना मिस्तरी आखाजीलगून मोटार देवाव नई. आन इंजन चांगलं शे. जरा मोठं बोलस, इतलंच."

"जरा? गावना कुत्रा अजून परत उनात नई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण; दारच्या निंबाला झोका बांधून तयार होता. त्यावर बसायची ती लेक, सिंधू, लोणखेड्याला सासरी वाटेकडे डोळे लावून होती. गेल्या साली हिंमतराव बैलगाडी घेऊन न्यायला गेले, तर व्याही दोधू पाटलांनी चार दिवस जेवू घालून त्यांना तसंच परत लावलं. म्हणाले, सून उन्हात बैलगाडीतून धाडायची नाही, मोटार आणा. आता मोटार होती. हिंमतरावांनी मिशीवर हात फिरवला, हँडल मारलं आणि निघाले.

लोणखेड्यात दोधू पाटील ओसरीवर उभेच होते. हिंमतरावांनी इंजिन चालूच ठेवलं. एकदा थंडावलं की ते हँडलला दाद देत नसे.

"या पाटील, चार दिन ऱ्हा," दोधू पाटील ओरडून म्हणाले. "सिंधूले धाडानं मंग दखूत."

"दखूत ना. माले काय घाई शे?" हिंमतराव खाटेवर ऐसपैस बसले.

मोटार धडधडत राहिली. बैलांनी दावी तोडली. सिंधूच्या जावेचं पाळण्यातलं पोर उठलं, मग शेजारचंही. विहीण जमनाबाई रिकामी चरवी घेऊन बाहेर आली.

"म्हैस पान्हा चोरी ऱ्हायनी. मोटार बंद करा ना."

"बंद कयी ते परत चालू व्हवाव नई. चार दिन ऱ्हावानं शे ना? पेट्रोलना डबा भरी आनेल शे."

जमनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. थोड्याच वेळात सिंधूचं गाठोडं बाहेर आलं, वर फडक्यात बांधलेल्या पोळ्या.

"आन जेवन?" हिंमतराव.

"वाटमा जेवा," जमनाबाई म्हणाली. "आन पोचाडाले येवानं काम नई. जेठ सरू द्या, आम्हीच गाडी धाडसूत."

सिंधू तोंडाला पदर लावून मोटारीत बसली. हसू काही पदरात मावेना.

आखाजी झाली. झोका निंबाच्या शेंड्याला जाऊन येत होता, गाण्यानं अंगण भरलं होतं. हिंमतरावांनी मोटार बाहेर काढली, तशी छबूबाई आडवी आली.

"कोठे चालनात?"

"नळी नीट कराले. तूच सांगेल ना."

छबूबाईनं झोक्यावरच्या लेकीकडे एकवार पाहिलं.

"हात लाई दखा नळीले," ती शांतपणे म्हणाली. "दिवाळीले कशी आनशात तिले?"