सीलबंद दोनशे ग्रॅम

"गोळी? मी?" काटेसाहेब खुर्चीत असे ताठ बसले की टेबलावरचं हृदयाचं प्लॅस्टिकचं मॉडेलही जरा सावरून बसल्यासारखं वाटलं. "चौतीस वर्षं नोकरी केली मी. दुकानदाराचा चहा घेतला नाही आणि डॉक्टरची गोळी घेतली नाही. आता शेवटच्या वर्षी व्रत मोडू?"

डॉक्टरीणबाई त्यांच्या मित्राचीच मुलगी. तिने शांतपणे रिपोर्ट पुढे सरकवला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठावन्न.

"बरं काका, तीन महिने देते. रोज वाटीभर शिजवलेलं कडधान्य. राजमा, हरभरे, चवळी, काहीही. लोणी आणि बिस्किटं बंद, चालणं चालू. आकडा एकशे चाळीसच्या खाली आला तर गोळी नाही. नाही आला तर मात्र वाद घालायचा नाही."

"वाद मी घालतच नाही," काटेसाहेब म्हणाले. "मी मोजतो."

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते, आणि तराजूचा काटा केसभर जरी ढळला तरी त्यांच्या भुवईला आधी कळायचं, म्हणून हे नाव पडलं. खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, दांडीला बांधलेला दोरा, असल्या शेकडो लबाड्या त्यांनी पकडल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक जेवताना बायकोला सांगितली होती. तिला सगळे वहिनी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

वहिनींचा स्वयंपाक अंदाजाने चाले. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, आणि एकतीस वर्षं तो बरोबर होत होता, हेच काटेसाहेबांना खुपत होतं. चूक झाली असती तर निदान पकडता आली असती.

दवाखान्यातून घरी येताच त्यांनी ऑफिसातून मोडीत निघालेला, दोन लोखंडी पारड्यांचा काउंटरचा तराजू माळ्यावरून काढला आणि ओट्यावर ठेवला.

"हे काय आणखी?" वहिनींनी विचारलं.

"आजपासून माझं कडधान्य याच्यावर. आणि पैज. आकडा एकशे चाळीसच्या खाली आला, तर हा तराजू या ओट्यावर कायमचा. मीठसुद्धा तोलून घालायचं."

"आणि नाही आला तर?"

"तर तराजू माळ्यावर, गोळी तोंडात, आणि तुझ्या अंदाजाबद्दल जन्मभर अवाक्षर काढणार नाही."

वहिनींनी हात पुसला आणि पुढे केला. "टाळी द्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोललात."

आता चूक कुठे झाली, ते सांगतो. डॉक्टरीणबाईंनी वाटीभर 'शिजवलेलं' म्हटलं होतं, आणि ते काटेसाहेबांनी स्वच्छ ऐकलं होतं. पण ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"शिजवलेल्याचं माप धरायचं म्हणजे पाण्याचं माप धरायचं," ते म्हणाले. "पाणी मारून माल विकणाऱ्यांना मी कोर्टात उभं केलंय. कायदा सुक्या मालाचं वजन धरतो. वाटी म्हणजे सुकी वाटी."

त्यांनी वाटीत सुका राजमा भरला आणि तोलला. बरोबर दोनशे ग्रॅम.

"अहो, तो फुगेल," वहिनी म्हणाल्या.

"फुगू दे. वजन शिस्तीत असलं की झालं."

रोज रोज कोण भिजवणार, म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आठवड्याचा राजमा काचेच्या मोठ्या बरणीत घातला, गळ्यापर्यंत पाणी भरलं, झाकण घट्ट फिरवलं आणि वर तार ओवून शिशाचं सील ठोकलं. भेसळ नको. सकाळी सहाला स्वयंपाकघरातून टण्णकन आवाज आला. वहिनी धावत गेल्या. बरणीला वरपासून खालपर्यंत चीर पडली होती आणि राजमा ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून गॅलरीत, संपावर निघालेल्या कामगारांसारखा शांतपणे बाहेर पडत होता. सील मात्र शाबूत होतं.

"बघ," काटेसाहेब अभिमानाने म्हणाले, "सील हललं नाही."

तेव्हापासून रोजचा माल रोज तोलायचं ठरलं. पण घाईत कुणी चुकून शंभराचं वजन ठेवलं तर? काटेसाहेबांनी डाव्या पारड्यात दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं, ते पारड्याला तारेने बांधलं आणि त्यावरही सील ठोकलं. आता ते वजन देवसुद्धा उचलू शकत नव्हता. उजव्या पारड्यात काटा मधे येईपर्यंत कडधान्य ओतायचं, एवढंच काम उरलं.

"डोळा फसतो," त्यांनी वहिनींना बजावलं. "काटा फसत नाही."

दोनशे ग्रॅम सुका राजमा शिजल्यावर अर्ध्या किलोच्या वर जातो. काटेसाहेबांपुढे पातेलं आलं. त्यांनी मीठ घालून लिंबू पिळलं, आणि कर्तव्यावर निघालेल्या माणसाच्या चेहऱ्याने ते संपवलं. दुसऱ्या दिवशी हरभरे. तिसऱ्या दिवशी चवळी. चौथ्या दिवशी वरिष्ठ साहेब वार्षिक तपासणीला आले.

काटेसाहेबांच्या ऑफिसात एक खोली असते. तिथे काचेच्या पेटीत इतका नाजूक तराजू ठेवलेला असतो की त्याच्यासमोर जोरात श्वासही घ्यायचा नाही. खिडक्या बंद, पंखा बंद, दार बंद. वरिष्ठ साहेब, हेडक्लार्क आणि काटेसाहेब असे तिघे आत गेले. वरिष्ठ साहेबांनी पेटीची काच वर केली आणि चिमट्याने चिमुकलं वजन पारड्यात ठेवलं. काटा स्थिरावू लागला, आणि थरथरला. पुन्हा स्थिरावू लागला, पुन्हा थरथरला.

"वारा कुठून येतोय?" वरिष्ठ साहेबांनी विचारलं.

काटेसाहेब भिंतीवरच्या आलेखाकडे एकटक बघत होते. कपाळावर घाम होता.

"खिडकी नीट लागली नाही का?"

"खिडकी लागलीय साहेब," हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून म्हणाला. "वारा इथलाच आहे."

वरिष्ठ साहेबांनी एक दीर्घ श्वास घेतला. घ्यायला नको होता. तपासणी दुपारपर्यंत तहकूब झाली, आणि दुपारी काटेसाहेबांना 'बाहेरचं काम' देण्यात आलं. ते काम आठवडा संपेपर्यंत पुरलं. काय काम आहे, ते कुणी सांगितलं नाही, फक्त बाहेर आहे एवढंच.

"थोडं कमी करा ना," वहिनी म्हणाल्या. काटेसाहेब पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते.

"पाच ग्रॅम कमी भरले म्हणून मी दुकानं बंद केलीत. आणि स्वतःला सूट देऊ?"

"डॉक्टरीणबाईंना फोन तरी करा."

"मोजमाप माझं खातं आहे. तिचं नाही."

वहिनींनी पिशवीतलं पाणी बदलून दिलं. मग काहीतरी आठवल्यासारख्या आत गेल्या.

आणि चमत्कार पाहा! दुसऱ्या आठवड्यापासून पोट शांत झालं. झोप लागू लागली. काटेसाहेबांना ऑफिसच्या आत बसू देण्यात आलं. पातेल्याच्या जागी वाटी आली.

"आज कमी दिसतंय," ते पहिल्या दिवशी म्हणाले.

"तुम्हीच काट्यावर बघा," वहिनी म्हणाल्या.

काटा अगदी मधोमध उभा होता. काटेसाहेबांना आपल्याच वाक्याची आठवण झाली आणि त्यांनी डोळ्यांना मनातल्या मनात समज दिली. "शरीराला शिस्त लागली," त्यांनी जाहीर केलं. "पहिला आठवडा बंडाचा असतो. मग पोटालाही कळतं की समोर कोण आहे."

हे वाक्य त्यांनी ऑफिसात, बागेत, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे ऐकवलं. हेडक्लार्कला तर कडधान्यावर अर्धा तास सांगितलं. हेडक्लार्कने सवयीने खिडकी उघडली.

एकच गोष्ट हिशेबात बसेना. रोज दोनशे ग्रॅम म्हणजे दोन किलोची पिशवी दहा दिवसांत संपायला हवी. ती चार आठवडे चालली. काटेसाहेबांनी यावर दोन दिवस विचार केला आणि एकच शक्य असलेलं उत्तर काढलं. वाणी जास्त माल देत होता.

ते सरळ तपासणीच्या काट्या-वजनांची पेटी घेऊन दुकानात गेले. त्यांना पाहताच वाण्याने गिऱ्हाइकाच्या हातातली साखर परत घेतली आणि पुन्हा तोलली.

"तुमचा काटा जड जातोय," काटेसाहेब म्हणाले. "तुम्ही मला दोन किलोच्या जागी साडेपाच दिलंत."

वाण्याचे ओठ हलले. "साहेब, जास्त देणं पण गुन्हा आहे का?"

"चूक ती चूक."

त्यांनी तीनदा तपासणी केली. तिन्ही वेळा काटा निर्दोष निघाला. काटेसाहेब बुचकळ्यात पडले. पण बुचकळ्यात पडलेला निरीक्षक दुकानदाराला दिसू नये, असा खात्याचा रिवाज आहे. "यापुढे हात आवरा," एवढं बोलून ते निघाले. त्या दिवसापासून तो वाणी त्यांना माल देताना शेवटचा दाणा चिमटीने काढून घ्यायचा.

तीन महिने झाले. रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले, वहिनींना मुद्दाम बरोबर घेऊन.

"एकशे सदतीस," डॉक्टरीणबाई म्हणाली. "काका, मानलं तुम्हाला. गोळी नको. पण हे असंच चालू ठेवायचं, बरं का."

बोलताना तिने वहिनींकडे बघून डोळा मिचकावला. पण काटेसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते रिपोर्टाची घडी घालत होते, आकडा बाहेरून दिसेल अशी.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरात उभं केलं आणि छोटंसं भाषण केलं. शिस्त, काटा, चौतीस वर्षं. "आज हा तराजू कायमचा या ओट्याचा झाला. मी त्याला रीतसर तपासून नवा शिक्का मारणार. आण ती पक्कड."

"राहू द्या ना," वहिनी म्हणाल्या. "मी कबूल करते, तुम्ही जिंकलात. मीठसुद्धा तोलीन."

"तपासणीशिवाय शिक्का? मी?"

त्यांनी सील तोडलं, तार सोडवली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ते वजन उचललं.

दोन्ही पारडी रिकामी होती. काटा मधे यायला हवा होता. तसं न होता उजवं पारडं, सभेत आपलं नाव पुकारल्यावर पुढारी बसतो तसं, सावकाश, मोठ्या रुबाबात खाली बसलं.

काटेसाहेबांनी पारड्याखाली हात घातला. बाहेर आलं ते जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं गोल लोहचुंबक.

चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून ठरलेला प्रश्न निघाला. "हे कधीपासून चालू आहे?"

आणि एकतीस वर्षं ऐकलेल्या गोष्टींच्या सवयीने वहिनींच्या तोंडून ठरलेलं उत्तर निघालं. "आजच साहेब. पहिल्यांदाच."

काटेसाहेब स्टुलावर बसले.

"दुसऱ्या आठवड्यापासून," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्ही पोटावर पिशवी घेऊन कण्हत होतात. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाली, सुके दोनशे? काकू, समजवा त्यांना. तुम्हाला समजावणं मला कधी जमलं नाही. तराजूला समजावणं सोपं होतं. तुम्हीच तर सांगितलेलं, पारड्याखाली कोण बघतो म्हणून. आणि वजन बांधून ठेवल्यामुळे रिकामा काटा तुम्हाला दिसणारच नव्हता."

"सील मीच ठोकलं होतं," काटेसाहेब पुटपुटले.

"घट्ट ठोकलं होतं," वहिनींनी कौतुक केलं.

काटेसाहेबांनी लोहचुंबक तपासणीच्या पेटीतल्या, खऱ्या काट्यावर ठेवलं. एकशे तीस ग्रॅम. म्हणजे रोज पोटात गेले ते सत्तर. सत्तर ग्रॅम सुकं कडधान्य शिजवलं की होते बरोबर एक वाटी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली.

"हे तोलून लावलंस?" त्यांनी विचारलं.

"छे. हातात धरून पाहिलं, एवढं पुरेल असं वाटलं. अंदाजाने."

काटेसाहेबांनी डोळे मिटले. खोट्या काट्यावर जिंकलेली पैज घेणारा माणूस ते नव्हते. त्यांनी तराजू स्वतःच उचलला, स्टुलावर चढून माळ्यावर ठेवला, आणि खाली उतरून शर्ट नीट केला. चेहऱ्यावर हळूहळू पुन्हा तोच जुना रुबाब आला.

"चौतीस वर्षांत मला कुणी फसवू शकलं नाही," ते म्हणाले. "एकच व्यक्ती निघाली. आणि तिचं सगळं प्रशिक्षण माझ्याकडे झालेलं."

"हो, ते तर आहेच," वहिनी म्हणाल्या आणि डब्यातून मूठभर चवळी काढून भिजत घालायला वळल्या. पाहतात तो काटेसाहेब चष्मा लावून त्यांच्या मुठीवर वाकलेले.

"आता काय बघताय?"

"काही नाही," काटेसाहेब म्हणाले. "शिक्का कुठे मारावा, ते बघतोय."