परक्या गावची खिडकी

लग्नाला गेलेला माणूस जेवायला कुठं बसायचं ते विचारतो. शिवाजी पेठेतले आमचे शेजारी आण्णा मगदूम पालिकेची कचेरी कुठं आहे ते विचारायचे. अक्षता पडल्या की हा माणूस मांडवातून गायब! परत यायचे ते पंगती उठल्यावर, उपाशीपोटी, पण चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

"पावणं, हितं कारखाना काढायचा तर किती टेबलं फिरावी लागत्यात?" कुठल्याही गावात त्यांची सुरुवात हीच. मग कोल्हापुरात परतल्यावर तालमीच्या कट्ट्यावर, चहा घेता घेता निकाल लागायचा.

"एका गावात सायबाची खुर्ची बघितली, सायेब न्हाय बघितला. गावाचं नाव सांगत न्हाय, सोयरीक हाय. पर हुबळी! एका खिडकीत परवाना!"

"आणि आपल्यात, आण्णा?"

आण्णा चहाचा मोठा घोट घ्यायचे.

त्यांच्या घरामागं लोखंड कातायचं लेथ होतं. त्याची घरघर हीच आमच्या लहानपणीची दुपार. मुलगा सुरेश मोठा कारखाना काढायला निघाला, परवान्याची वाट बघून कंटाळला आणि हुबळीला गेला. लेथही गेलं. गल्लीत इतकी शांतता झाली, की दुपारची झोप लागेना.

तेव्हापासून आण्णा नगरसेवकाला गाठायचे, अर्ज द्यायचे. "हुबळीला जमतंय, मग आपल्याला काय धाड भरलीया?"

गेल्या वर्षी आपल्याकडंही एक खिडकी झाली. आण्णांनी पेढे वाटले आणि कट्ट्यावरूनच फोन लावला.

"सुरेश, हितंबी एकच खिडकी झालीया बघ. ये की आता!"

"आण्णा, पोरं हितं रमल्यात. कारखाना कसा हलवू? तुम्हीच या की."

"बघू," म्हणाले आणि उरलेले पेढे मांडीवर घेऊन बसून राहिले.

मला वाटलं, संपलं आता आण्णांचं वेड. पण पुढच्याच आठवड्यात ते समोरच्या शबानाबरोबर त्या खिडकीपुढं उभे. तिला कांदा-लसूण चटणीचा उद्योग काढायचा होता. इथं नाहीच जमलं तर ती पुण्याला बहिणीकडं जाणार होती. कुठला कागद आधी, कुठला नंतर, सगळं आण्णांनी बघितलं.

परवाना मिळाला. दुकान उघडलं त्या दिवशी शबाना म्हणाली, "चाचा, पयलं पाकीट तुमचं."

आण्णांनी ते दोन्ही हातांत धरलं. "आता पुण्याला न्हाय न्हवं जायाची?"

"न्हाय, चाचा. हितंच."

आण्णांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले. "लई तिखट झालीया गं चटणी," म्हणाले.

पाकीट अजून फोडलेलंही नव्हतं.