दोन पात्या, एक चौकीदार आणि इतिहासाचे सात भाग

श्रीशारदा प्रसन्न. ज्या लिपीस डोळा लागत नाही, बोट पुरते, तीस आधी नमन. आणि ज्याने संगणक म्हणून यंत्र निर्मिले त्या अज्ञात पुरुषास नमन करावे की चार शब्द सुनवावे, याचा निर्णय वाचणाराने करावा. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य द्वितीयेपासोन एका लहानशा राज्यात जे वर्तमान जाहले, ते जाहले तैसे लिहितो. पदरचे काही घालीत नाही. घालावयास अंगात त्राण उरलेले नाही.

ते राज्य म्हणाल तर तीन खोल्या, एक जिना आणि एक कुलूप न लागणारे कपाट. परंतु कारभार थोर. अंध विद्यार्थ्यांकरिता ठिपक्यांच्या लिपीत, जीस ब्रेल म्हणतात, पुस्तके छापावी आणि मुलुखभर धाडावी हा राज्याचा उद्योग. श्रीमंत तात्यासाहेब वरखेडकर गादीचे धनी, वय वर्षे शहात्तर, सर्व गोष्टींस "होईल, होईल" म्हणणारे. पत्रव्यवहार जयवंतराव शिंत्रे पाहात. छापण्याचे सारे ओझे चिटणीस उमाकांतपंत उकिडवे यांचे शिरी. आणि छापले ते तपासण्यास सुनंदाबाई ढवळे. बाई जन्मांध, बोटे ऐसी की पानभर धावता एक ठिपका कमी लागला तरी तेथेच थबकावी. अकरा वर्षे बाईंनी काम केले आणि अकरा वर्षे हंगामीच राहिल्या, कारण की कायम करावयाचे तर बी. ए. पाहिजे ऐसा राज्याचा कायदा. मग बाईंनी हिय्या करून परीक्षा देण्यास आरंभ केला, एकेक विषय सोडविला, आणि इतिहास तेवढा उरला. त्याची परीक्षा कार्तिक वद्य द्वादशीस, आणि जुन्या अभ्यासक्रमाची ती शेवटली संधी. हुकली तर सारे पहिल्यापासोन. इतिहासाचा ग्रंथ ठिपक्यांत उतरविला म्हणजे भाग होत सात. दिवसास एक भाग छापून निघे, हाती दिवस दहा. अकरा वर्षे दुसऱ्यांची पुस्तके तपासणारी बाई पहिल्याने आपले पुस्तक मागती जाहली, तेव्हा चिटणिसांनी छातीवर हात ठेवून सांगितले की, सुनंदाबाई, निश्चिंत असा. न बोलते तर बरे होते.

आता गडाची हकीकत. राज्यात संगणक एकच, आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम दोन. एकीस थोरली पाती म्हणत, दुसरीस धाकटी पाती. थोरली विकत घेतलेली, झकपक. पत्रे लिहिणे, वर्तमानपत्र ऐकणे हे तिजकडे. धाकटी फुकट मिळालेली, दिसण्यात अगदीच गबाळी, परंतु ठिपक्यांचे छापयंत्र फक्त तिचेच ऐके. थोरलीने हुकूम केला तर जागचे हलत नसे. दोघींस एके समयी गादीवर बसता येत नसे, म्हणोन गड उघडताच दरवाज्यावर एक पाटी दिसे की, कोणाकडे जाणे? दहा अंक मोजेतो कोणी उत्तर न दिल्यास वाट आपोआप थोरलीकडे वळे. ही पाटी धाकटीचे लोकांनी लाविली होती आणि तिजवर चार वर्षे दोन्ही घरे गुण्यागोविंदाने नांदली. मग काय बुद्धी जाहली, एका पत्रातून काही किडा थोरलीत शिरला आणि तीनशे देणगीदारांस जयवंतरावांचे सहीने चपलांची जाहिरात गेली. जयवंतराव शरमले आणि दिवाळीत त्यांनी थोरलीचे पदरी एक चौकीदार ठेविला. अँटिव्हायरस त्याचे नाव. चौकीदार इमानी, हुशार, डोळ्यांत तेल घालून बसणारा. खोड एकच, की धाकटी म्हणून कोणी या गडावर राहते हे त्यास ठाऊक नव्हते आणि सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

द्वितीयेस सकाळी साडेदहा वाजता चिटणीस आले, छापयंत्रात जाड कागद भरला, गड उघडला, तो पाटी गायब. सरळ थोरलीचा दरबार उघडला, आणि कोपऱ्यात चौकीदार हिरवी खूण मिरवीत सांगतो की, सर्व सुरक्षित आहे. चिटणिसांनी बंद करून पुन्हा उघडले, पुन्हा तेच. धाकटी आत होती, तिचे सर्व सामान जागचे जागी होते, परंतु तिजकडे जाण्याची वाटच कोणी बुजविली होती. मग चिटणिसांनी पेनड्राइव्ह शोधिला, तो टाचण्यांच्या डबीत सापडला, आणि त्यात धाकटीची कुमक भरून, मोबाइलवर वाचून वाचून, इंग्रजीत एकेक ओळ लिहून, चुकून, पुन्हा लिहून, पाच वाजता पाटी जागेवर बसविली. सहानंतर यंत्र चालविणे नाही ऐसा खालच्या मजल्यावरील शिकवणीवाल्यांशी करार, कारण की ते यंत्र चालू लागले म्हणजे खाली मुलांस पाढे ऐकू येत नसत. सबब पहिल्या दिवशी पाने निघाली सोळा. चिटणीस म्हणाले की असो, वाट तर उघडली, उद्या भरून काढू.

दुसरे दिवशी आले तो पाटी पुन्हा गायब. हिरवी खूण जागेवर, सर्व सुरक्षित आहे. चिटणिसांनी मुकाट्याने पेनड्राइव्ह काढिला आणि दिवसभर खपून पाटी बसविली. चतुर्थीस तोच प्रकार. पंचमीस तोच. काल केले ते आज करावयाचे आणि आज केले ते उद्या मिळणार नाही, हे ठाऊक असोनही करावयाचे. ऐशाने माणसाचे डोके फिरते, चिटणिसांचेही फिरले. घरी जेवताना ते भातास हात न लावता बसत, आणि कोणी आमटी वाढू का पुसले तर अंगावर येत. इकडे दिवसभर संगणक अडकून राहिल्यामुळे जयवंतराव धुसफुसत की, देणगीदारांची माफीपत्रे राहिली आहेत, आमचा वार केव्हा लागणार. सुनंदाबाई मात्र रोज सायंकाळी येऊन निघाली तेवढी पाने घेत, पिशवीत ठेवीत आणि आता किती दिवस उरले हे न पुसता जात. ते न पुसणे चिटणिसांस फार लागे.

षष्ठीस चिटणिसांनी चौकीदाराची रोजनिशी उघडून पाहिली, तो तीत ओळ होती की, दरवाज्यातील अनोळखी बदल वापरकर्त्याच्या संमतीने दुरुस्त केला, वेळ सकाळी नऊ वाजून सहा मिनिटे. रोजची तीच ओळ, रोजची तीच सुमाराची वेळ. म्हणजे घरभेद. कोणी आपले माणूस रोज सकाळी चौकीदारास हो म्हणते! मग चिटणिसांचा राग मस्तकी गेला. त्यांनी जयवंतरावांस भर दरबारात धरले की, चौकीदार तुमचा, काम तुमचेच. जयवंतरावांनी आईची शपथ वाहिली की, मी अकरापूर्वी कधी आलो आहे काय? हे मात्र खरे होते, उभ्या राज्यास ठाऊक होते. मग चिटणिसांनी चौकीदार विकणाऱ्या कंपनीस फोन लाविला. चाळीस मिनिटे सनई ऐकविली, मग एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली की, सर, धाकटी काढूनच टाकिली तर त्रास राहणार नाही. चिटणिसांनी फोन ठेविला तो आपटूनच ठेविला.

सप्तमी-अष्टमी चौकशीत गेली. झाडणाऱ्या पार्वतीबाईंस पुसले, पाणी भरणाऱ्यास पुसले, जिन्याखालच्या शिंप्यास पुसले, प्रत्यक्ष श्रीमंतांस पुसले. श्रीमंत म्हणाले की, आम्ही त्या यंत्रास भितो, हात लावीत नाही. होईल, होईल सर्व ठीक. ज्यास म्हणून पडदा दिसतो ऐसा एक माणूस चिटणिसांनी सोडिला नाही. सात दिवस सरले आणि हाती काय, तर एक भाग पुरा आणि दुसऱ्याची अठ्ठावीस पाने. चिटणिसांनी हिशेब करून पाहिला आणि कपाळास हात लाविला. बाईंची अकरा वर्षे आपल्या हातून बुडतात, हे त्यांस स्वच्छ दिसू लागले, आणि चोर काही दिसेना.

म्हणोन नवमीस चिटणीस पावणेनऊलाच आले, किल्लीने दार उघडिले आणि कपाटाआड खुर्ची टाकून बसले. नऊ वाजता काठी वाजली आणि सुनंदाबाई आत आल्या. बाईंचा रिवाज ऐसा की, सर्वांआधी येऊन गड उघडावा, कानांस हेडफोन लावावे आणि थोरलीकडून वर्तमानपत्र वाचवून घ्यावे. पडद्यावर जे उमटेल ते यंत्र त्यांच्या कानात बोले, दुसऱ्या कोणास ऐकू न जाय. बाई बसल्या. दहा अंक सरले, थोरली उघडली, आणि पडद्यावर चौकीदाराची चौकट आली की, दरवाज्यात अनोळखी बदल आढळला आहे, दुरुस्त करू का? बाईंनी मान किंचित कलती करून ऐकिले आणि बोट एंटरवर ठेविले. चौकट गेली, हिरवी खूण आली. चिटणीस खुर्चीवरून उठले, परंतु जे ओरडावयाचे योजिले होते ते तोंडातून निघेना.

"बाई, हे रोज तुम्ही करता?"

बाई दचकल्या नाहीत. हेडफोन उतरवून म्हणाल्या, "होय. दिवाळीपासोन रोज पुसते, दुरुस्त करू का. माझे पुस्तक बिघाडापायी अडले आहे हे ऐकत होते. मग दुरुस्त नको कशाला म्हणू?"

चिटणीस म्हणाले, "मी साऱ्या राज्यास पुसून आलो."

"तुम्ही माझ्या टेबलावरून तीनदा गेलात," बाई म्हणाल्या. "तुमच्या चपला मी ओळखते. मज पुसलेत नाही."

यावर चिटणिसांनी काय बोलावे? अंधांचे राज्य, अंधांचा छापखाना, चौदा वर्षे चिटणिशी, आणि चोर शोधताना जो तो डोळसच गाठला. जिला डोळे नाहीत ती यंत्राशी काय बोलणार, ऐसे न बोलता गृहीत धरिले. त्यांस स्वतःचाच इतका संताप आला की ते उगाच कपाटाचे दार लावू लागले, आणि ते लागेना. मग बाईंनीच पुसले की आता वाट कशी उघडायची. दोघे बसली. बाई यंत्राचे ऐकून एकेक कप्पा सांगत गेल्या, चिटणीस पाहात गेले, आणि पाचव्या कप्प्यात विश्वासू लोकांची यादी सापडली. तीत धाकटीची पाटी लिहिली की काम जाहले. सारे मिळून दोन मिनिटे लागली. सात दिवस आणि दोन मिनिटे! चिटणिसांनी ती यादी बराच वेळ पाहिली आणि मग पाटी बसविण्यास पेनड्राइव्ह काढिला. हात आता ऐसे सरावले होते की अकरापूर्वीच छापयंत्र खडखडू लागले.

परंतु गेले दिवस कोठून आणावे? नवमी, दशमी, एकादशी मिळून चार भाग कसेबसे पुरे जाहले; तीन राहिलेच. तेव्हा चिटणिसांनी मनाशी काही ठरविले आणि डोळस लोकांचा छापील ग्रंथ घेऊन बाईंसमोर बसले. छापलेले भाग बाईंनी घरी बोटांनी वाचावे आणि न छापलेले चिटणिसांनी दिवसा मोठ्याने वाचून दाखवावे, ऐसी तजवीज केली. पलीकडे यंत्र धडधडे, म्हणोन वाचणे नव्हे, ओरडणेच. तह, लढाया, सनावळ्या चिटणीस ओरडून सांगत, बाई टोचणीने ठिपके पाडून टिपून घेत, आणि सन चुकला तर "मागील पानी निराळा होता" म्हणोन थांबवीत. जयवंतरावांनी तीन दिवस माफीपत्रांचे नाव काढिले नाही, उलट चहा आणून दिला. एकादशीस दुपारी चिटणिसांचा घसा बसला तो बसलाच. सातव्या भागाची शेवटली चाळीस पाने जयवंतरावांनी वाचिली, आणि वाईट वाचिली. द्वादशीस बाई परीक्षेस गेल्या.

पौषात निकाल लागला. इतिहासात गुण चव्वेचाळीस, बाई बी. ए. जाहल्या. राज्यात आनंद बहुत जाहला, श्रीमंतांनी "होईल म्हणालो होतो" ऐसे चारदा सांगितले, आणि बाईंस कायम करण्याचा हुकूम लिहिण्याची आज्ञा चिटणिसांस जाहली. चिटणिसांनी एवढ्या आस्थेने कागद आजवर लिहिला नव्हता. भारी कागद आणविला, वर राज्याची मुद्रा, अक्षर सुबक, अकरा वर्षांच्या सेवेचा उल्लेख, खाली श्रीमंतांची सही. भर दरबारात चिटणिसांनी तो दोन्ही हातांनी बाईंचे हाती दिला, आणि त्यांचा गळा भरून आला. बाईंनी कागद मांडीवर ठेविला, वरून खाली सावकाश बोटे फिरविली, मग उलटून मागील अंगास फिरविली. दरबार वाट पाहात होता.

बाई म्हणाल्या, "चिटणीस, कागद गुळगुळीत आहे."

कोणी काही बोलले नाही. चिटणीस तसेच उठले, गड उघडला, धाकटीकडे गेले आणि हुकूम पुन्हा छापावयास लाविला.

येणेप्रमाणे दोन पात्यांचे वर्तमान. भांडण पात्यांत नव्हते, चौकीदार बेइमान नव्हता, आणि ज्यांनी हो म्हटले त्यांनी भल्याकरिताच म्हटले. दुसरा हुकूम बाईंनी स्वतः तपासिला. त्यात दोन चुका निघाल्या, त्या दुरुस्त करून मग त्यांनी तो स्वीकारिला.