पैलवानाची जिलेबी

ताराचंदचा पैलवान शेजारच्या अश्वजितला बघून जिलेबी करायचा आणि ताराचंदला बघून गाऱ्हाणं, हे सिंदी मेघेच्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बॉक्सरवाल्यांच्या मंडळाला, आणि तिथंच सगळी भानगड झाली.

पैलवान म्हणजे ताराचंदचा बॉक्सर कुत्रा. चपटं तोंड, रुंद छाती आणि घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं आठ्या पडलेलं कपाळ. आता ही बॉक्सर पाळणारी माणसं तुमच्याआमच्यासारखी बोलत नाहीत. दर रविवारी सकाळी ती कुत्री घेऊन मैदानावर जमतात आणि त्यांचं बोलणं ऐकून नवख्याला वाटावं, इथं कुणाचं तरी लग्न ठरलंय. कुत्र्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाळ लोंबली की 'तोरण लागलं'. उगाचच पिसाटून गोल गोल धावत सुटला की 'वरात निघाली'. समोर बसून ऊं-ऊं-वू करत लांबलचक कुरकुर केली की 'गाऱ्हाणं'. आणि आनंदानं अंग इतकं वाकवलं की नाक शेपटीच्या बुडख्याला टेकावं, तर ती 'जिलेबी'.

जिलेबीला मंडळात फार मान. ज्याच्यासाठी कुत्रा जिलेबी करतो तोच खरा मालक, बाकीचे नुसते पट्टा धरणारे, असा जिजाबाईंचा निकाल होता. जिजाबाई निवृत्त नर्स, मंडळात सगळ्यांत जुन्या, आणि इंजेक्शन देताना जसं कुणाचं ऐकलं नाही तसं आताही ऐकत नसत.

ताराचंदनं पैलवानासाठी काय केलं नव्हतं? पिल्लू होता तेव्हा बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःची रजई दिली, गोचिड्या काढताना नखं तोडून घेतली. आणि या बेइमानानं जिलेबी करावी ती अश्वजितसाठी, ज्यानं आजवर त्याला एक बिस्कीटही घातलं नव्हतं. संध्याकाळी अश्वजितची गाडी वळणावर आली की पैलवान कुंपणापाशी नुसता वळवळायचा. ताराचंद जळफळत त्याला आत ओढायचा. त्यानं मध्ये गोणपाट बांधलं, तर पैलवान गोणपाटाकडे बघून वाकला. सवत आल्यासारखे काय वागता, असं रुख्मिणीनं, त्याच्या बायकोनं, विचारलंसुद्धा.

या जळफळाटातच ताराचंदनं मंडळात थाप मारली. आपण ऑफिसातून आलो की पैलवान रोज जिलेबी करतो, तीही दोन्ही बाजूंनी, असं तो बोलून गेला. जिजाबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या रविवारी परीक्षा जाहीर केली. मंडळाची रीतच तशी. कुत्रा दुसऱ्यानं धरायचा, मालकानं पाण्याच्या टाकीमागे जाऊन थांबायचं आणि सगळ्यांसमोर परत यायचं.

आठवडाभर ताराचंदला अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्याच्या डोक्यात आलं, कुत्रा ओळखतो तो वास. माणूस कुठलाही असो, वास अश्वजितचा पाहिजे. अश्वजित सकाळी व्हॉलीबॉल खेळून आला की घामाची जर्सी कुंपणावर टाकून आंघोळीला जायचा. रविवारी ताराचंदनं ती उचलली, पिशवीत कोंबली आणि पैलवानाला घेऊन मैदान गाठलं.

टाकीमागे त्यानं घाईघाईनं जर्सी अंगात चढवली. पोट मावेना, तरी श्वास आत ओढून बाहेर आला. पैलवानानं हवा हुंगली. कान उभे झाले, अंग हलायला लागलं, कंबर वळायला लागली. मंडळी टाळ्या वाजवायच्या बेतात होती. तेवढ्यात पैलवानाची नजर वर चेहऱ्यापर्यंत गेली आणि कंबर जागच्या जागी थांबली. तो हिसका देऊन सुटला आणि ताराचंदच्या मागे जाऊन अश्वजितला शोधू लागला. त्याला आवरायला ताराचंद गर्रकन वळला आणि मंडळींना त्याची पाठ दिसली. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'अश्वजित' छापलं होतं.

"ताराचंद," जिजाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुह्यं नाव कधी बदललं?"

पैलवान समोर येऊन बसला आणि त्यानं ऊं-ऊं करत गाऱ्हाणं सुरू केलं, ते संपेचना. त्यातच गाडीवरून अश्वजित आला. त्याची हिंगणघाटला मॅच होती आणि जर्सी सापडत नव्हती, म्हणून तो ताराचंदला विचारायला आला होता. त्याला बघताच पैलवान धावला आणि त्यानं अशी गोल जिलेबी केली की मंडळात तशी कुणी पाहिली नव्हती. ताराचंदला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

जर्सी परत घेताना अश्वजित हसला नाही. "भाऊ, मागतली असती तं देली असती. पण खरं सांगू का, मीच तुमच्यावर जळतो. मले पाहून थो नाचते अन् निंगून जाते. तुमच्यापाशी घंटाघंटा बोलत बसते. माह्याजवळ एक दिवस कुरकुर नाई केली त्यानं."

घरी येऊन ताराचंदनं रुख्मिणीला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मंग त्यात काय? तुमी काय करता? पाहुणे आले का गोड गोड बोलता, अन् साहेबाचं गाऱ्हाणं घेऊन माह्यापाशीच येता ना?"

ताराचंदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या रविवारी त्यानं हे मंडळात मांडलं, जिजाबाईंनी बराच विचार करून मान्य केलं आणि जिलेबीचा मान त्या दिवशी उतरला. ज्यांचे कुत्रे जिलेबी करत ते आता तोंड पाडून बसू लागले. ताराचंद मात्र छाती काढून फिरत होता. अश्वजितला तर त्यानं स्वतःहून बोलावलं आणि पैलवानाचं गाऱ्हाणं समोर बसवून ऐकवलं.

मग ऑफिसनं त्याला ट्रेनिंगसाठी आठवडाभर हिंगणघाटला धाडलं. शनिवारी संध्याकाळी तो परतला, फाटक उघडलं, आणि पैलवान धावत आला. त्यानं नाक शेपटीला टेकवलं. आधी उजवीकडून, मग डावीकडून.

ताराचंद बॅग हातात घेऊन तसाच उभा राहिला. "रुख्मिणी," त्यानं ओरडून विचारलं, "हा मले जिलेबी काऊन करून राह्यला?"

रुख्मिणी दारातून म्हणाली, "बसा. चहा आणतो पाहुण्यायले."

त्यानं चहाला हात लावला नाही. तो अंगणात पैलवानासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ वाट बघत राहिला. पैलवान मजेत तोरण लोंबवत होता, तक्रारीचा एक शब्द नाही. शेवटी ताराचंदनंच सुरुवात केली.

"काय सांगू बापा तुले," तो म्हणाला, "तिथल्या मेसची भाजी, नुसतं पाणी. अन् खोलीत मच्छर असे..."

पैलवानानं मान तिरकी केली आणि खाली बसून ऐकायला लागला.