यमुताईंचं खमीर

यमुताईंच्या घरी रविवारी डबलरोटी भाजली जायची, आणि तिचा वास सगळ्यांत आधी पुष्पलताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरायचा, कारण दोन्ही घरांची भिंत एकच होती. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत घरी डबलरोटी करणाऱ्या यमुताई एकट्याच. काकडी, टमाटर आणि हिरवी चटणी घातलेलं सँडविच त्या आठवणीनं शेजारी पाठवायच्या. पुष्पलताबाईंचे यजमान नत्थूजी ते खाताना डोळे मिटायचे. बायकोची ज्वारीची आंबील पिताना त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाच डोळे मिटले होते, आणि तेव्हा "आंबट झाली वं," म्हणाले होते.

सगळं गुपित खमिरात होतं. मैदा आणि पाणी आंबवून केलेलं ते पांढरट मिश्रण चिनी मातीच्या बरणीत राहायचं. यमुताईंच्या भावजयीनं ते जबलपूरहून आणलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. पुष्पलताबाईंनी दोनदा वाटीभर मागून पाहिलं. दह्याच्या विरजणाला गल्लीत कोणी कोणाला नाही म्हणत नसे. खमिराला मात्र यमुताई दोन्ही वेळा "पुढच्या खेपेले देतो" म्हणाल्या होत्या. तो नकार पुष्पलताबाईंनी नीट जपून ठेवला होता.

मे महिन्यात यमुताई आठ दिवस काटोलला माहेरी निघाल्या आणि बरणी घेऊन शेजारी आल्या.

"सकाळ-संध्याकाळ दोन चमचे मैदा अन् दोन चमचे पाणी. उपाशी राहिलं तर मरून जाते ते. तुमच्याशिवाय माह्या कोणावर भरोसा नाही."

पुष्पलताबाईंनी बरणी फळीवर ठेवली. पहिल्या दिवशी घरात मैदा नव्हता. दुसऱ्या दिवशी आणायचा राहिला. तिसऱ्या दिवशी मैदाही होता आणि आठवणही होती; झाकण मात्र उघडलं नाही.

बाहेर पारा पंचेचाळीसवर होता. चौथ्या दिवशी झाकण उघडलं, तर वर बोटभर काळपट पाणी आणि नखं रंगवायच्या रंगासारखा वास. यमुताई भांडणार नाहीत, पण गल्लीतल्या घरोघरी जाऊन शांतपणे सांगतील. त्यांनी बरणी मोरीत पालथी केली, तीनदा घासली आणि रिकाम्या बरणीकडे बघत बसल्या.

घरात आंबलेलं असं एकच होतं, आंबिलीसाठी भिजवलेलं ज्वारीचं पीठ. त्यातलं दोन चमचे बरणीत गेलं, वर मैदा आणि पाणी. दुसऱ्या दिवशी तळाशी एक बुडबुडा दिसला. मग पुष्पलताबाई स्वतः जेवायच्या आधी बरणीला जेवू घालू लागल्या. दुपारी तिच्याभोवती ओला फडका गुंडाळू लागल्या.

"एवढी काहून जपून राहिली त्याले?" नत्थूजींनी विचारलं.

"भरोशानं ठेवलं आहे त्यांनी," त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी मिश्रणानं झाकण वर उचललं. यमुताई आल्या, बरणी घेऊन गेल्या. रविवारी पुष्पलताबाई सकाळपासून भिंतीला कान लावून होत्या. दहा वाजता बशी आली.

नत्थूजींनी घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"माहेरून हात सुधारून आला बाईचा," ते म्हणाले. "पाह्य, कशी आंबूस चव आहे. हे जमाले पाहिजे. नुसतं आंबट करणं येगळं."

पुष्पलताबाईंनी तोंड उघडलं. पण आंबिलीचं सांगायचं तर आधी मोरीचं सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी यमुताई स्वतः आल्या. हातात काठोकाठ भरलेली वाटी होती.

"तुम्ही इतकं जीव लावून सांभाळलं, मले माहीच लाज वाटली. दोनदा मागितलं होतं ना तुम्ही? घ्या. नऊ वर्षांचं आहे, जपा."

पुष्पलताबाईंनी आपल्याच आंबिलीची वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि उपकार झाले म्हणाल्या. यमुताई गेल्यावर नत्थूजींनी वाटीवर वाकून मोठा श्वास घेतला.

"याले म्हणते खमीर," ते म्हणाले. "आपल्या आंबिलीपासून दूर ठेव वं. बिघडून जाईल."

पुष्पलताबाईंनी आंबिलीचं गाडगं दोन विती बाजूला सरकवलं.