दहापैकी दोनच द्या

लाँड्रीच्या साहेबांनी सकाळीच जाहीर केलं, की यापुढे कुणाचं काम कसं आहे ते साहेब ठरवणार नाहीत; तिघा कामगारांनीच एकमेकांना दहापैकी गुण द्यायचे. ज्याला जास्त गुण, तो सुपरवायझर. सगळ्यांत नेटकं काम घड्या घालणाऱ्या वहिनींचं; त्यांच्या हातातली चादर तिथेच गळून पडली.

सुपरवायझर म्हणजे किल्ल्या, आणि किल्ल्या म्हणजे हॉस्पिटलच्या मळक्या कपड्यांची रात्री आठची गाडी येईपर्यंत बसणं. वहिनींचं दीड वर्षाचं पिल्लू पाळणाघरात. जरा उशीर झाला की ते दाराच्या गजाला गाल लावून उभं राहायचं, आणि गालावरची ती रेघ झोपेपर्यंत जायची नाही. ही कसली बढती, गळ्यातली धोंड नुसती.

वहिनींनी कंबर कसली. आधी इस्त्रीवाल्या काकांना गाठलं, त्यांच्या गुडघ्याची कहाणी अथपासून इतिपर्यंत ऐकली आणि मग हळूच म्हणाल्या, "काका, मला दोनच द्या."

"दोन? अगं, नापासाचीसुद्धा काही इज्जत असते."

"मुलीसारखी ना मी तुमच्या? मग दोनच."

धुलाईवाल्या मावशींकडे सुनेच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या. दोघांनीही माना डोलावल्या, पण वहिनींचा जीव काही भांड्यात पडेना. नुसत्या मानेवर काय विसंबायचं? म्हणून त्यांनी हॉस्पिटलच्या सगळ्या चादरींच्या घड्या मुद्दाम उलट्या घातल्या. शिवण आत लपवायची, ती बाहेर. असं ओंगळ काम त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलचा फोन आला आणि साहेब धावत बाहेर आले. वहिनी मान खाली घालून बोलणी खायला उभ्या राहिल्या. पण नर्सबाई खूश होत्या. शिवण बाहेर दिसते, त्यामुळे एकपदरी चादर कुठली नि दुपदरी कुठली ते घडी न मोडता कळतं. रोज अशाच पाठवा म्हणाल्या.

निकाल लागला. काकांनी मावशींना चार दिले होते, मावशींनी काकांना चार. वहिनींना दोघांकडून दहापैकी दहा.

वहिनींनी हात जोडून सांगितलं, की आपल्याला पाचनंतर थांबता येणार नाही, दुसरं कुणी बघा. साहेब म्हणाले, निकाल तो निकाल, आजपासून इथे तुमचाच शब्द शेवटचा. किल्ल्या हातात ठेवून ते निघूनही गेले.

"काका, तुम्ही कबूल केलं होतंत."

"मान हलवली होती. मानेचं काय, ती इस्त्री करतानाही हलते." काकांनी चष्मा पुसला. "हे बघ, मी सुपरवायझर झालो असतो तर मावशींना आठपर्यंत डांबलं असतं. त्या झाल्या असत्या तर मला. तू तेवढी पाचला कुलूप लावून पळणार. मग आम्हीही सुटलो."

"आणि आठची गाडी?"

"ते सुपरवायझर बघेल," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या.

वहिनींनी हॉस्पिटलला फोन लावला आणि चाचरत विचारलं, गाडी चारला पाठवता येईल का.

पलीकडून नर्सबाई म्हणाल्या, "चारला चालतं तुम्हाला? अहो, आम्ही इतकी वर्षं त्या गाडीपायी रोज उशिरापर्यंत ताटकळतोय. आम्हाला वाटलं, आठची वेळ तुमच्याच सोयीची."