अठ्ठ्याऐंशी मिनिटांचे आभार

धारवाडच्या सुमंतने नव्वद मिनिटांचा चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केला, स्वतःच संकलित केला आणि हुबळीतल्या एका सभागृहात त्याचा पहिला खेळ ठरवला. बेंगळुरूहून एका वाहिनीच्या अधिकारी वनिता मॅडम खास येणार होत्या. चित्रपट पसंत पडला तर सुमंतला मालिका मिळणार होती. न पडला तर गोकुळ रोडवर मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये नटबोल्टच्या गोदामाची खुर्ची रिकामीच होती.

चित्रपटाच्या आधी आठ सेकंदांची आभारपाटी होती. ती विठ्ठलकाकांनी पाहिली.

"रायापूरचं माझं घर वापरलास, नाव घातलास, बरं केलास. पण जयलक्ष्मीचं कुठाय? सगळ्यांचा चहा काय घरानं केला?"

काकूंचं नाव आलं. मग चहाचं दूध आपलं होतं, असं शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांनी लेखी कळवलं. आधी कुणाचं नाव, यावर वाद नको म्हणून ज्येष्ठतेच्या पडताळणीसाठी सर्वांची आधारकार्डं मागवण्यात आली. तिसऱ्या दिवशी दुर्गदबैलातले कापडवाले गोपाळअण्णा दुकान बंद करून आले.

"बाजाराच्या शॉटात माझी पाठ दिसतेय म्हणे."

"अण्णा, पाठ कोण ओळखणार?"

"म्हणून तर नाव घाल म्हणतोय की!"

तत्त्व बिनतोड होतं. बाजारातल्या एकशे सहा पाठींची नावं आली. मराठीत आली म्हणून कन्नडमध्येही आली. वयस्करांना चष्मा काढून लावेपर्यंत नाव निघून जातं, म्हणून प्रत्येक नाव वीस सेकंद थांबू लागलं.

सभागृह मात्र नव्वदच मिनिटं मिळालं होतं. पुढे तिथं बारसं होतं. संकलक या नात्याने सुमंतने कात्री घेतली. आधी गाणी गेली. मग खलनायक गेला. खलनायक गेल्यावर नायकाला काम उरलं नाही, म्हणून तोही गेला. शेवटी दोन मिनिटांची कथा उरली: नायिका दार लावते. दिग्दर्शकाच्या नावाला जागा राहिली नाही.

"असू दे की रे," आई म्हणाली, "आपलीच माणसं."

खेळ खच्चून भरला. नावागणिक शिट्ट्या, टाळ्या. गोपाळअण्णांचं नाव येताच दोन रांगा उभ्या राहिल्या; अण्णांनी वळून सर्वांना पाठ दाखवली. अठ्ठ्याऐंशी मिनिटांनी चित्रपट सुरू झाला, तशी मंडळी चपला शोधत उठली.

सुमंत घामाघूम होऊन वनिता मॅडमपुढे उभा राहिला. "मॅडम, खरा सिनेमा घरी आहे. दाखवू?"

"नको, घरीच ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आमचा प्रेक्षक दोन मिनिटांत चॅनेल बदलतो. इथं कोणी लघवीलासुद्धा उठलं नाही. सोमवारपासून या."

मालिका रोज संध्याकाळी सातला लागते. दोनशे बारा भाग झाले. कथेला अजून सुरुवात नाही, आणि एकही तक्रार नाही. यादीत आपलंही नाव आहे, वाचकहो. कोणत्या भागात, ते वाहिनी गुप्त ठेवते. आता उगाच 'आम्ही मालिका बघत नाही' म्हणू नका.